थंडीला दोष देऊ नका





या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्यातले पाचट, हुमणी अशा विषयांवर लिहीत आलो. आज मात्र इंजिनावर लिहिणार आहे. काही मंडळी म्हणतील, शेतकी खात्याच्या माणसाने बॉनेट उघडून आत कशाला डोकवावे? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळायचा, माती परीक्षणापासून तोडणीच्या चिठ्ठीपर्यंत सगळे वेळापत्रक पाळायचे आणि तोडलेला ऊस ट्रॉलीत भरून बांधावर तसाच उभा. का? तर पहाटे ट्रॅक्टर चालू होत नाही. तोडलेल्या उसाचे गाळप चोवीस तासांच्या आत व्हावे, हे मीच तुम्हाला दरवर्षी सांगतो. त्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक तासाला वजन घटते आणि उतारा घसरतो. वजनाचा तोटा एकट्या सभासदाचा, उताऱ्याचा तोटा सगळ्यांचा, कारण दर उताऱ्याशी बांधलेला आहे. तेव्हा पहाटे न सुटणारी गाडी हा शेतकी खात्याचाच विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिसेंबर-जानेवारीत गटात फिरताना रोज एक वाक्य कानावर येते : "साहेब, थंडीनं धरलीय गाडी." ट्रॅक्टर असो, जीप असो, दारातली मोटार असो, कारण एकच सांगितले जाते. मी स्वतःही बरीच वर्षे हेच म्हणत होतो. पण दोन प्रसंगांनी माझे डोळे उघडले. ते पुढे सांगतो. आधी थंडीचे काय ते समजून घेऊ.

थंडी करते तरी काय?

आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे आठ-दहा अंश. निफाडकडे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण तेवढ्याने चांगले इंजिन अडत नाही. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे डिझेलच गोठते, म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे पुरवायला सुरुवात केली. आपल्या शिवारात डिझेल गोठल्यामुळे गाडी अडली, असे म्हणण्याजोगी वेळ सहसा येत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सायकलला हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम होतो ना? तीच युक्ती. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पटीने दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. याचा अर्थ तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा गळती न होता दाबली गेली पाहिजे आणि डिझेल वेळेवर, फवाऱ्याच्या रूपात पोचले पाहिजे.

थंडी या तिन्ही गोष्टींना थोडा थोडा त्रास देते. बॅटरीचा जोर कमी होतो, ऑइल काकवीसारखे घट्ट होते आणि गार सिलिंडर दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतो. निरोगी इंजिनाला हा त्रास सोसण्याएवढी ताकद असते. ज्याच्यात आधीच खोट आहे, ते मात्र बसते. म्हणजे खोट उन्हाळ्यातही होतीच, फक्त उन्हाच्या उबेत झाकली गेली होती. थंडीच्या लाटेत घरातला दमेकरी आधी खोकतो, तसा हा प्रकार.

जुन्या मंडळींना विहिरीवरचे हँडलचे ऑइल इंजिन आठवत असेल. पहाटे ते चालू करताना आधी वरची कळ उचलून दाब सोडायचा, हँडल जोरात फिरवायचे, वेग आला की कळ खाली टाकायची. तेव्हा कुठे 'भक्' करून इंजिन घ्यायचे. आधी वेग, मग दाब, मग पेट. आपल्या वाडवडिलांना हा क्रम हाताने ठाऊक होता. किल्ली आली आणि आपण तो विसरलो.

रोग रेड्याला, औषध पखालीला

आता माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी डिझेल जीप घेतली. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि सकाळी जीप कुंथायला लागली. घर्र... घर्र... आणि गप्प. मी सरळ नवी बॅटरी आणून बसवली. आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी पुन्हा तेच. कुणी सांगितले, हीटर प्लग गेले असतील. चारही बदलले. फरक नाही. मग एका गॅरेजवाल्याने डोके हलवून सांगितले, "इंजिन खोलावं लागेल." मी पैशाच्या जमवाजमवीला लागलो.

एके दिवशी बाजारच्या गावी ऑइल इंजिने दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "सुटत न्हाई म्हंजे काय करतीया ती? फिरती का न्हाई? फिरती तर कशी फिरती?" बंधूंनो, तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मिस्त्रींनी मला दहा सेकंद स्टार्टर मारायला लावला आणि लगेच बॅटरीपासून एकेक जोड बोटाने चाचपत गेले. बॅटरीकडून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी जिथे आवळली होती, तो बोल्ट चांगलाच तापला होता. "हितं बसलाय चोर," म्हणाले. बोल्ट काढला, खाली गंज. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, पुन्हा आवळले. जीप पहिल्या झटक्याला सुटली. मिस्त्रींनी चहाखेरीज काही घेतले नाही.

गंजलेल्या जोडातून वीज पुरेशी जात नाही आणि अडलेली वीज तिथेच उष्णता होऊन बाहेर पडते. ताज्या बॅटरीचा जोर थोडा जास्त, म्हणून आठ दिवस भागले. दुखणे अर्थच्या बोल्टला होते आणि मी पैसे बॅटरीत, प्लगमध्ये ओतत होतो. पिकाच्या बाबतीत मी तुम्हाला सांगत असतो, पान पिवळे दिसले म्हणून लगेच युरिया टाकू नका, आधी मूळ बघा, निचरा बघा. आणि स्वतःच्या जीपला मात्र मी डोळे मिटून युरिया टाकत होतो!

आधी ऐका, मग बघा, मग हात लावा

त्या दिवसापासून मी एक क्रम धरला आहे. गटातल्या अनेकांना तो उपयोगी पडला, म्हणून इथे देतो.

पहिला प्रश्न : किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो? हेडलाइट लावून स्टार्टर मारा. दिवे एकदम मंद होऊन इंजिन कुंथत असेल, तर बॅटरी, तिचे जोड, स्टार्टर किंवा घट्ट ऑइल यांपैकी एकात दोष आहे. दिवे लख्ख राहिले आणि नुसते 'टक्' झाले किंवा तेही झाले नाही, तर स्टार्टरचा सोलेनॉइड, त्याची बारीक वायर, किल्लीचा स्विच किंवा क्लचजवळचा सुरक्षा स्विच बघा. बॅटरीचा यात काही दोष नसतो.

बॅटरीला दोष देण्याआधी तिचे माप घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे दाब-माप १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. स्टार्टर फिरत असताना माप साडेनऊच्या खाली जाऊ नये. गाडी चालू झाल्यावर चौदाच्या आसपास आले नाही, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही असे समजा. मग नवी बॅटरीही महिनाभरात बसणार. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने पाणी तपासा. १.२५० च्या आसपास चांगले, १.२०० च्या खाली गेले तर आधी चार्जिंग. पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचे पाणी नाही, आणि 'जोर यावा' म्हणून ॲसिड तर मुळीच नाही. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सोडा झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग टोके घासून आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. उघडताना वजा टोक आधी काढावे, जोडताना शेवटी लावावे. मिस्त्रींची बोटाने जोड चाचपण्याची पद्धत तर मल्टिमीटर नसलेल्यालाही जमेल.

ऑइलचेही तसेच. कंपनीने पुस्तिकेत लिहिलेल्या श्रेणीचेच घ्या. 'जाड ऑइल टिकते' म्हणून कुणीतरी सांगितलेले घट्ट ऑइल भरले की पहाटे स्टार्टरला चिखलात नांगर ओढावा लागतो. चालू करताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचे ओझे तरी उतरते.

दुसरा प्रश्न : इंजिन जोरात फिरते, पण घेत नाही. मग धुराड्याकडे बघा. अजिबात धूर नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टाकी बघा, बंद करायची दोरी अर्धवट ओढलेली राहिली नाही ना ते बघा, फिल्टरच्या तळातले पाणी सोडा. पहाटे हाताच्या पंपाने डिझेल मारल्यावर गाडी सुटते आणि दिवसभर त्रास देत नाही, असे असेल तर रात्री कुठल्यातरी वॉशरमधून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे मागे उतरते. अशा गाडीला रोज हवा काढत बसण्यापेक्षा तो रुपया-दोन रुपयांचा वॉशर शोधून बदला.

पांढरा, डिझेलचा वास मारणारा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. हीटर असलेल्या जीपमध्ये आधी हीटर प्लग तपासा. प्लगची वायर सोडवा, बारा व्होल्टच्या बल्बचे एक टोक बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरे प्लगच्या डोक्याला लावा. बल्ब पेटला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही पेटला तर प्लग गेला. सगळे प्लग चांगले निघाले तर त्यांचा रिले व फ्यूज बघा. पुष्कळ ट्रॅक्टरना हे प्लग नसतातच, तिथे उगाच शोधू नका. प्लग ठीक असूनही पांढरा धूर असेल तर व्हॉल्व्हचे अंतर, नोझलचा फवारा, पंपाचा टायमिंग आणि शेवटी रिंगांचा दाब, या क्रमाने जाणत्या मेकॅनिककडून तपासा. काळा धूर असेल तर एअर फिल्टर पाचटाच्या धुरळ्याने भरलेला असण्याची शक्यता मोठी.

तिसरा प्रश्न : गरम झाल्यावर कशी वागते? गरम इंजिन एका झटक्यात सुटत असेल आणि त्रास फक्त पहाटेचा असेल, तर बॅटरी, हीटर, हवा शिरणे इथेच शोधा. गरम असतानाही त्रास असेल तर पंप किंवा दाब झिजला आहे, आणि त्याचा खर्च टळणारा नाही.

नव्या कॉमन रेल गाड्यांबद्दल एक इशारा. त्यांच्या डिझेलच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. जुन्या सवयीने नट ढिला करू नका, बारीक चीर पडली तरी डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. तिथे मशीन लावून दोष वाचणाराच माणूस पाहिजे. तोवर बॅटरी, जोड आणि फिल्टर एवढे मात्र तुम्ही जरूर बघावे.

पेट्रोलची मोटार असेल तर प्लग आणि बॅटरी यांच्यावर लक्ष ठेवा. किल्ली एकदम फिरवू नका, 'ऑन'वर दोन सेकंद थांबा, मागे टाकीतल्या पंपाची बारीक घूं ऐकू येते का पाहा. पंप चालतो, ठिणगीही आहे, आणि तरी गार असतानाच त्रास होतो, तर इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर तपासायला सांगा. इंजिन गार असताना 'गरम आहे' असे त्याने खोटेच कळवले, तर पेट्रोल कमी सुटते आणि गाडी घेत नाही.

तो पहाटेचा प्रसंग

आता दुसरा प्रसंग. तो लिहिताना मला आजही अवघड जाते.

मागल्या हंगामात जानेवारीतली पहाट होती. रात्री गव्हाणीवर ऊस कमी पडला होता, मिल 'नो केन'मध्ये जायची वेळ आली होती, आणि मला कारखान्यावरून फोनवर फोन येत होते. एका फडावर भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हर विशीतला पोरगा, तोडणीच्या टोळीबरोबर आलेला. किल्ली फिरवली तर हूं की चूं नाही. तो म्हणाला, "साहेब, गारठलाय." मी बांधावर उभा राहून म्हणालो, "काहीही कर, पण चालू कर."

त्याने ड्रायव्हरच्या सीटखालून मोठा स्क्रू-ड्रायव्हर काढला. मोठ्या चाकासमोर उभा राहिला आणि स्टार्टरची दोन टोके जोडली. ट्रॅक्टर उताराला होता, म्हणून रात्री त्याने गिअरमध्ये ठेवला होता. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून कंपनीने बसवलेला सुरक्षा स्विच, स्क्रू-ड्रायव्हर लावला की बाजूला पडतो. इंजिनाने लगेच घेतले आणि ट्रॅक्टर सरळ त्याच्या अंगावर आला. पोराने स्वतःला मागे फेकले म्हणून जीव वाचला. चाक पायावरून गेले. पावलाची दोन हाडे मोडली. ट्रॅक्टर बांधाला जाऊन थडकला आणि बंद पडला.

त्याची बायको आणि वर्षाचे मूल कोपीवर होते. उरलेला हंगाम तो कोपीसमोर पाय पसरून बसून होता. उचल अंगावर तशीच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बघितले. सोलेनॉइडची बारीक वायर हिरवी पडून ढिली झाली होती. थंडीचा काही संबंध नव्हता. दहा मिनिटांचे काम. ते काम दिवाळीत झाले असते तर त्या पोराचा पाय शाबूत राहिला असता. आणि ते पहाटे झाले असते तरी चालले असते, जर मी 'काहीही कर' असे म्हणालो नसतो. मी त्याला स्क्रू-ड्रायव्हर लाव म्हणालो नव्हतो, हे खरे. पण घाईच्या माणसाला 'काहीही कर' म्हटले की तो काय करणार, हे ठाऊक असण्याइतकी माझी नोकरी झाली आहे.

या सवयी बंद कराव्यात

म्हणून अगदी आग्रहाने सांगतो. स्टार्टर बाहेरून जोडून ट्रॅक्टर चालू करणे आजपासून बंद करा. ज्या ट्रॅक्टरला किल्लीने चालू होता येत नाही, तो दुरुस्त होईपर्यंत उभा राहू द्या.

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे बंद करा. शेजारी पाचट आणि वाळलेला ऊस, हातात आग. याहून जास्त सांगायला नको. ईथरचा स्प्रे मारायची नवी फॅशन आली आहे. ईथर अवेळी पेटते, पिस्टन-रिंगांवर घणाचा घाव घालते, आणि हीटर प्लग तापलेला असेल तर तोंडाशीच भडका होतो. महिना-दोन महिने स्प्रे मारलेल्या इंजिनाच्या रिंगा झिजतात, मग ते स्प्रेशिवाय घेतच नाही. दारूच्या व्यसनासारखेच आहे ते.

भरलेल्या ट्रॉल्यांसकट साखळी लावून ओढून चालू करणेही तितकेच वाईट. साखळी तुटली तर कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही. आणि काही जण तर सकाळचा त्रास नको म्हणून रात्रभर इंजिन चालूच ठेवतात. तासाला लिटरभर धरले तरी एका रात्रीत आठ-दहा लिटर डिझेल धुरात जाते. चार-सहा रात्रींच्या डिझेलात दोष शोधून निघाला असता.

चालू झाल्या झाल्या ॲक्सिलरेटर पिळू नका. ऑइल सगळीकडे पोचायला वेळ लागतो. मिनिट-दोन मिनिटे मंद चालू द्या, मग सावकाश निघा.

कारखान्याने काय करावे?

एवढे सगळे सभासदांना आणि ड्रायव्हरला सांगून मी हात झटकणार नाही. आपल्याकडे हंगामाआधी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. बॉयलर गाळपाच्या दिवशीच पेटवून त्याच दिवशी पूर्ण दाबावर नेत नाहीत. आधी तपासतात, मग हळूहळू तापवतात, मग मोळी टाकतात. लाखो टन उसाचे ओझे पेलणाऱ्या यंत्राची जर इतकी काळजी घेतो, तर त्याच्यापर्यंत ऊस आणणाऱ्या गाड्यांची घ्यायला नको काय?

माझी सूचना अशी. अग्निप्रदीपन आणि मोळीपूजन यांच्या मधल्या दिवसांत प्रत्येक गट कार्यालयावर एक दिवस वाहन तपासणीचा ठेवावा. एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, एक ऑटो इलेक्ट्रिशियन आणि एक मेकॅनिक पुरे. करार झालेली प्रत्येक गाडी त्या दिवशी गार इंजिनावर, पहाटे, किल्लीने चालू करून दाखवावी. सुरक्षा स्विच काढून टाकलेला असेल तर तो बसवल्याशिवाय गाडीला चिठ्ठी देऊ नये.

काही वाहतूकदार बंधू म्हणतील, खर्च कुणी करायचा? मी म्हणतो, खर्च आजही तुम्हीच करता, फक्त तो हंगामात, दामदुपटीने आणि खेपा बुडवून करता. काही सभासद म्हणतील, माझ्याकडे ट्रॅक्टर नाही, मला काय त्याचे? तुमचा तोडलेला ऊस त्याच ट्रॉलीत वाळतो, एवढे ध्यानात घ्यावे. आणि आमच्या खात्यातले सहकारी म्हणतील, मिल थांबली तर जाब आम्हाला द्यावा लागतो. तो द्यावा लागतो, हे मला चांगले माहीत आहे. तरीही 'काहीही करून चालू कर' हे शब्द आपल्यापैकी कुणी, शेतकी अधिकाऱ्यापासून चिटबॉयपर्यंत, पुन्हा उच्चारू नयेत. मी ते सोडले आहेत. गाडी किल्लीने चालू होत नसेल तर दुसरी पाठवू, मिल तासभर थांबली तर थांबू दे, त्या तासाचा जाब मी देईन.

हा विचार संचालक मंडळापुढे लेखी मांडला आहे. त्यावर सभासदांचेही मत यावे, म्हणून इथे लिहिले. आपल्या गटातल्या अडचणी, सूचना गट कार्यालयात जरूर कळवाव्यात.

तोवर आजपासून एवढे करा. संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे रात्री टाकीत दव धरून पाणी साठत नाही. गाडी शक्य तो सपाट जागी, आडोशाला लावा. उताराला लावणे भागच असेल तर हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. सकाळी सीटवर बसूनच, गिअर न्यूट्रलला आहे हे हलवून बघूनच किल्ली फिरवा. आणि नाही सुटली, तर थंडीला शिव्या देण्याआधी मिस्त्रींचा प्रश्न स्वतःला विचारा : ती नेमकी करते काय?

त्या पोराचा पाय आता बरा आहे, थोडा लंगडतो. यंदाही तो आपल्याच कारखान्याकडे टोळीबरोबर यायचा आहे, असा मुकादमाचा निरोप आहे. तो येईल तेव्हा त्याच्या हाती देण्याचा ट्रॅक्टर पहिल्या झटक्याला, किल्लीने सुटावा, एवढी माझी इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी